आहेरात गेलेला बॅकअप

वडनेर भोलजीच्या पुंजाजी हिवराळ्यांनी उभा जन्म खांबावर चढून गावाला उजेड दिला. लाइट असली की त्यांची आठवण कोणाला येत नसे आणि गेली की त्यांच्या सात पिढ्यांची येत असे. असा माणूस निवृत्त झाल्यावर कीर्तीच्या मागे लागत नाही. पुंजाजी शूटिंगच्या मागे लागले. गावात कॅमेऱ्याचा मोबाइल घेणारे ते पहिले नव्हते, पण घेतल्यावर तो खाली न ठेवणारे पहिलेच.

घरात खुट्ट झालं की मोबाइल वर. नातीचं रांगणं, चौदा एप्रिलची मिरवणूक, म्हशीचं बाळंतपण, काहीही सुटत नसे. सासरे गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला त्यांनी पंगतीचं शूटिंग केलं आणि कोण किती बुंदी वाढून घेतो हे इतक्या बारकाईनं टिपलं की एका चुलतसासऱ्यांनी त्यांच्याशी बोलणंच सोडलं. मोबाइल भरला की ते कार्ड काढून तंबाखूच्या रिकाम्या डबीत टाकत. डब्या भरल्या की मुलगा प्रसेनजित शिव्या घालत सगळं ओसरीवरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ओतत असे.

फक्त एक खोड होती. हातात मोबाइल असला तरी नजर लाइनमनची होती. नवरीला हळद लागत असे आणि कॅमेरा हळूहळू वर सरकत सरकत मांडवामागच्या खांबावर जाऊन थांबत असे. कुठे तारेचा जोड ढिला, कुठे फ्यूजच्या जागी कोण्या शहाण्यानं बोटभर जाड तार कोंबलेली. हिवराळ्यांच्या घरातलं कोणतंही मंगल कार्य बघा, अर्धं कार्य आणि अर्धा खांब.

आणि या सगळ्या कार्यांत आवाज एकच होता, सिंधूताईंचा.

सिंधूताई म्हणजे पुंजाजींची बायको. त्या हळदीला गायच्या, बारशाला पाळणे म्हणायच्या, विहारात गायच्या. पंचक्रोशीत कोणाची लेक उजवायची असली की तारीख ठरायच्या आधी सिंधूताईंना विचारलं जाई आणि ठरल्यावर ब्राह्मणाला किंवा बौद्धाचार्यांना, ज्याचं जे असेल त्याला. मग गळ्यात गाठ झाली. अकोल्याला ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण जाताना वरचे सूर सोबत घेऊन गेली. आता आवाज निघतो तो पाणी यायच्या आधीच्या हातपंपासारखा. भांडायला काही अडचण नाही. भांडण सुरात असावं लागत नाही, हे सिंधूताईंनी घरी येऊन पहिल्याच संध्याकाळी सिद्ध केलं. पण डॉक्टरांनी गाणं आता विसरा म्हटलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवस बोलल्या नाहीत. पुंजाजी घाबरले. अकरा हजार व्होल्टला न घाबरणारा माणूस, पण घरातली शांतता त्याला सोसेना.

"सिंधू, तू टेन्शन घेऊ नको," ते म्हणाले. "तुहा आवाज सारा माह्यापाशी हाय. पाच-सहा वर्सांचा."

"तुमच्यापाशी?" सिंधूताई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तुमच्यापाशी चष्मा राह्यत नाई."

पण त्या दिवशी त्या जेवल्या.

पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत असलेल्या लेकीला, मंजुश्रीला हे कळलं तेव्हा तिनं फोनवरच डोक्याला हात लावला. "बाबा, आईची सगळी गाणी त्या एका खटाऱ्यात आहेत? उद्याच्या उद्या बॅकअप घ्या. काहीही करा, पण बॅकअप घ्या."

पुंजाजी दुसऱ्या दिवशी सकाळीच नांदुऱ्याला गेले. संध्याकाळी मंजुश्रीचा फोन आला.

"बाबा, बॅकअप घेतला का?"

"घेतला ना बाई. एकदम भारी. ट्युबलर हाय."

"काय आहे?"

"ट्युबलर. रातभर दोन पंखे चालतेत."

पुण्यात पुन्हा एकदा डोक्याला हात लागला.

पुंजाजींची यात काही चूक नव्हती. त्यांच्या मुलखात बॅकअप या शब्दाला एकच अर्थ आहे. लाइट गेल्यावर पंखा किती वेळ फिरतो, तो बॅकअप. मुलीच्या सोयरिकीतसुद्धा लोक विचारतात, पोराचं शिक्षण किती, शेती किती, घरी बॅकअप किती. तेव्हा जन्मभर विजेचं काम केलेल्या माणसानं बॅकअप घ्या म्हटल्यावर इन्व्हर्टरची बॅटरी आणली, यात नवल ते काय? नवल हे, की घरात एक धडधाकट बॅटरी आधीच होती. दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही. मग ती अजस्र बॅटरी खोक्यासकट ओसरीत बसली आणि सिंधूताईंनी तिच्यावर पाण्याचा माठ ठेवला. एवढा महागडा माठाचा ओटा साऱ्या तालुक्यात दुसरा नसेल.

पुढच्या रविवारी मंजुश्रीनं फोन स्पीकरवर लावायला लावला आणि सगळ्यांना समोर बसवून बॅकअप म्हणजे काय ते पहिलीच्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. आपल्या चिजेची दुसरी प्रत काढायची आणि ती दुसरीकडे ठेवायची. एक गेली तरी दुसरी राहते.

"हे काय सांगा लागते?" सिंधूताई म्हणाल्या. "मी लोनच्याच्या दोन बरन्या कायले भरतो?"

मग ठेवायचं कशात, यावर चर्चा पेटली. प्रसेनजित म्हणाला, सीडी. ते ऐकून खुद्द पुंजाजी हसले. मेव्हण्याच्या लग्नाच्या सगळ्या सीड्या सध्या त्याच्याच शेतात सुतळीला टांगून चिमण्या हाकलायच्या कामावर होत्या. पेनड्राइव्ह म्हणावं तर पुंजाजींचा मागचा पेनड्राइव्ह पॅन्टीबरोबर धुतला गेला होता, आणि पॅन्टच जास्त टिकली. शेवटी मंजुश्री म्हणाली, "सगळ्यात सोपं, क्लाउडवर ठेवू."

"ते काय असते?" सिंधूताई.

"क्लाउड म्हणजे ढग, आई."

"ढगावर?" सिंधूताईंनी कपाळावर पदर ओढला. "माय वो! औंदा दुबार पेरनी कोनं करा लावली आमाले? यानंच ना? अन् त्याच्याच हवाली माहा आवाज?"

मंजुश्रीनं क्लाउड म्हणजे आभाळातला ढग नव्हे हे सांगून पाहिलं. प्रसेनजितनं सांगून पाहिलं. पण खरा निकाल गावातल्या नेटनं दिला. एक हळद वर चढवायला घेतली तर ती दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तिथंच थबकून होती. म्हैस माडीवर चढवणं यापेक्षा सोपं. शेवटी ठरलं की मंजुश्री पुण्याहून एक हार्ड डिस्क पाठवेल, तिच्यात सगळं भरायचं आणि ती कॉम्प्युटरपासून लांब, सुरक्षित जागी ठेवायची.

डिस्क आली. काड्यापेटीहून मोठी आणि जेवणाच्या डब्याहून लहान. प्रसेनजितनं सारं तिच्यात भरलं आणि ती बापाच्या हातावर ठेवली. आता प्रश्न सुरक्षित जागेचा.

इथं पुंजाजींचं नोकरीतलं शहाणपण आडवं आलं. लाइनमन खांबावर चढायच्या आधी ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला, म्हणजे डीपीतला फ्यूज काढतो आणि आपल्याच खिशात घालतो. कोणाला सांगत नाही. सांगितलं की गावातला कोणीतरी हुशार तो परत बसवतो आणि वर लटकलेल्या माणसाचा जय भीम होतो. सुरक्षितता म्हणजे कोणाला न सांगणं, या एका नियमावर पुंजाजी निवृत्तीपर्यंत जिवंत राहिले होते. तोच नियम त्यांनी डिस्कला लावला. बायकोला सांगितलं नाही, पोराला सांगितलं नाही. धूळ लागू नये म्हणून डिस्क तिच्या खोक्यात घातली. खोक्याला कागद गुंडाळायला हवा, तर घरात हिरवा मोरांचा गिफ्टपेपर पडला होता, तो गुंडाळला. आणि घरातली सगळ्यात भक्कम, एकमेव कुलूपवाली, उंदीर-पोरं-पाहुणे कोणालाही हात घालता न येणारी जागा शोधून तिच्यात ठेवून दिली.

ती जागा म्हणजे सिंधूताईंची आहेराची पेटी.

ही पेटी जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात असते. लग्नाबारशात आलेले आहेर जी बाई उघडून वापरते तिच्या संसाराची धडगत नाही. आलेला आहेर पेटीत जातो आणि पेटीतला आहेर पुढच्या लग्नात. डिनर सेट, लेमन सेट, भिंतीवरची घड्याळं, सगळी जन्मभर कागदात गुंडाळून या गावची त्या गावी हिंडत असतात आणि त्यांच्यात कोणी सरबत पीत नाही की कोणी वेळ बघत नाही. या व्यवहारात एकच पथ्य. ज्यानं दिलं त्याच्याच घरी परत जाऊ द्यायचं नाही. बाकी उघडून बघायची रीत नाही आणि विचारायची तर मुळीच नाही.

वर्ष गेलं. दिवाळीनंतर एका अवेळी दाटलेल्या ढगातून गावाबाहेर वीज पडली, तारांतून धावत आली आणि हिवराळ्यांच्या ओसरीतल्या कॉम्प्युटरचा कोळसा करून गेली. शेजारच्या कोणाचंही काही जळलं नाही, कारण शेजारच्या सगळ्यांच्या घरी अर्थिंग होतं. ते पुंजाजींनीच करून दिलं होतं. स्वतःच्या घरचं अर्थिंग निवृत्तीनंतर निवांत करायचं ठरलं होतं.

"ढगाचं मी सांगतलं होतं," सिंधूताई धुरात उभ्या राहून म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "गेले सारे गाने?"

"कशानं जातीन? बॅकअप हाय ना!" पुंजाजी छाती काढून म्हणाले. ज्या क्षणासाठी त्यांनी वर्षभर गुपित पाळलं होतं तो आला होता. "चाबी आन पेटीची."

"कोन्ती पेटी?"

पेटी उघडली. पुंजाजींनी एकेक पाकीट बाहेर काढलं. घड्याळ, घड्याळ, लेमन सेट, ब्लँकेट, घड्याळ. मोर कुठेच नाहीत. एक लाल चकचकीत पाकीट हातात घेऊन त्यांनी उलटंपालटं केलं.

"ठेवा ते खाली," सिंधूताई म्हणाल्या. "आपल्या धाकट्या नातीच्या, महामायाच्या बारशात आलं ते. शालिग्रामभाऊच्या पोराच्या लग्नाले जाईन. तुमी काय ढुंढून राह्यले, ते तं सांगा."

"हिरवं पाकीट. मोराचं."

सिंधूताईंची आहेराची स्मरणशक्ती अशी, की कोणत्या साली कोणी कोणाला काय दिलं हे त्या झोपेत सांगतील. "मोराचं? ते म्या माह्या भावाच्या, भगवानच्या पोरीच्या लग्नात देल्लं. उंद्रीले."

"माह्यी डिस्क तू आहेरात देल्ली?"

"आहेराच्या पेटीत जे असते ते आहेरच असते! लोनच्याच्या बरनीत हात घातला तं हातात चप्पल येते काय? सांगा नाई लागत मानसानं?"

पुंजाजींनी पेटीत पुन्हा एकदा हात घालून पाहिला. मग ते म्हणाले, "पन तुहा आवाज हाय तिच्यात."

"मनूनच तं जीव जाऊन राह्यला माहा," सिंधूताई म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं.

उंद्रीला फोन करावा म्हटलं तर विचारणार काय? 'आम्ही दिलेला आहेर तुम्ही कोणाला दिला?' असं फोनवर विचारण्यापेक्षा थेट भांडायला जाणं सभ्यपणाचं दिसतं. तेव्हा दुसऱ्या सकाळी दोघं एसटीत बसले. सिंधूताईंना बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट, पुंजाजींना पूर्ण.

"पाह्यलं?" सिंधूताई म्हणाल्या. "सरकारलेबी माहीत हाय कोनाची चूक हाय ते."

उंद्रीत मेव्हणे भगवानराव आणि त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई यांनी पाहुण्यांचं आगतस्वागत केलं. चहा झाला, पोहे झाले, सोयाबीनच्या भावाला यथेच्छ शिव्या देऊन झाल्या. मूळ विषयाला कोणी हात लावेना. शेवटी पुंजाजींनी घसा खाकरला.

"वहिनी, पोरीच्या लग्नात आमी देल्लं होतं ते पाकीट... आवडलं काय?"

"आवडलं मंजे!" सत्यभामाबाई म्हणाल्या. "लय सुंदर. भितीवर लावलं आमी."

"भितीवर?" पुंजाजी चरकले. "हार्ड डिस्क?"

"घड्याळ ना ते?"

मग सिंधूताईंनी जिल्ह्याच्या इतिहासात आजवर कोणी केलं नसेल ते केलं. सरळ बोलल्या. "सत्यभामा, कोनाले देल्लं ते सांग माय. मी काई म्हनत नाई. मीबी तेच करतो."

सत्यभामाबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग मोकळा. "संजीवनीच्या घरभरनीले देल्लं. सुलतानपूरले. माह्यी बहीन हाय, तिले का घड्याळ नाई लागत?"

भगवानरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते बायकोकडे संशयानं बघू लागले. "अन् माह्या साळ्यानं देल्लेलं ब्लँकेट?"

"तुमी चूप बसा," सत्यभामाबाई म्हणाल्या. आजवर झाकलेलं एकदा उघडं पडू लागलं तर कुठवर पडेल याचा नेम नाही, हे ओळखून पाहुणे लगबगीनं उठले.

सुलतानपूर म्हणजे लोणार तालुका. चिखली गेली, मेहकर गेलं, दुपार कलली. गाडीत पुंजाजींच्या डोक्यात नाही नाही ते येत होतं. डिस्क कोणी उघडली असेल, पोरांनी गाड्या गाड्या खेळायला घेतली असेल, कोणी पाटाखाली टेकू म्हणून लावली असेल. दर खड्ड्याला सिंधूताईंचा एक सूर कायमचा जातोय असं त्यांना वाटत होतं, आणि खड्डे भरपूर होते.

"आवाज नाई सापडला तं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तं नाई सापडला," सिंधूताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "माही आई गेली, तिचा कोठी हाय? तिच्याच गान्यावर गात होती मी." मग त्यांनीच पुंजाजींना कोपर मारलं. "तोंड असं करू नका. डीपी जळल्यावानी."

संजीवनी घरीच होती. उंद्रीतल्या अनुभवानं शहाण्या झालेल्या सिंधूताईंनी चपला काढायच्या आधीच विचारलं. संजीवनीनं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली.

"अगं बाई! ते हिरवं? त्याच्या कागदाला रंगाचा डाग पडला होता, घराला रंग देताना. मग मी लाल कागद चढवला आणि..." ती थांबली. तिचा हात तोंडावर गेला. दिल्या घरी परत जाऊ द्यायचं नाही, हे पथ्य तिलाही माहीत होतं. "मला काय माहीत, सत्यभामाला ते तुम्ही दिलं होतं! मी तर तुमच्याच नातीच्या बारशात दिलं की हो. महामायाच्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लाल. चकचकीत. काल पुंजाजींच्या हातात होतं आणि सिंधूताईंनी खाली ठेवायला लावलं होतं.

"शालिग्रामच्या पोराचं लगन कधी हाय?" पुंजाजींनी विचारलं.

"आज," सिंधूताई म्हणाल्या. "सांजचं. म्या प्रसेनजितले सांगून आली, पेटीवर काढून ठेवलं, घेऊन जाजो."

पुंजाजींनी फोन लावला. तिकडून आधी डीजेचा दणका आला आणि त्याच्या तळाशी कुठेतरी प्रसेनजित.

"हॅलो! पोट्ट्या, ते लाल पाकीट देऊ नको!"

"हो बाबा!"

"देऊ नको मनतो! देऊ नको!"

"हो हो, देतो ना बाबा! रांगेतच उभा हाय, देतो!" आणि फोन कट.

परतीचा प्रवास कसा झाला ते पुंजाजींना आजही नीट सांगता येत नाही. संजीवनीच्या नवऱ्यानं बिचाऱ्यानं आपली गाडी काढली आणि खामगाव मार्गे अशी हाणली की सिंधूताईंनी वाटेत दोनदा त्रिशरण म्हटलं, घोगऱ्या आवाजात का होईना. वडनेरला पोचले तेव्हा शाळेच्या मैदानातल्या मांडवात रोषणाई लखलखत होती. पुंजाजी तसेच तिकडे धावणार, तर सिंधूताईंनी मागून सदरा धरला.

"रिकाम्या हातानं आहेर परत मागता? लाज हाय काय? काईतरी बदली द्या लागन."

"काय देऊ? पेटीत नुसते घड्याळं हाय."

सिंधूताईंनी ओसरीकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यांनी माठ उचलला.

नवरदेव ऋत्विक आणि त्याची नवरी स्टेजवर उभे होते, बाजूला पाकिटांचा ढीग. ऋत्विकचा बाप शालिग्राम म्हणजे पुंजाजींच्या हाताखाली नोकरीभर शिडी धरलेला गडी. आता वांगी-मेथी पिकवायचा आणि पुंजाजींना अजूनही 'खाली पाहू नको बे' असं सांगायचा. त्यानं पाहिलं तर शेजाऱ्याच्या हातगाडीवर एक अवाढव्य खोकं येतंय, मागून पुंजाजी ढकलतायत आणि पुढून सिंधूताई लोकांना बाजूला करतायत.

"काय बे हे, पुंजाजी?"

"आहेर हाय. ट्युबलर. नवी कोरी." पुंजाजींना धाप लागली होती. "अन् प्रसेनजितनं आता देल्लं ते लाल पाकीट वापस दे."

डीजेवाल्यानं आवाज कमी केला. दिलेला आहेर स्टेजवरून परत मागताना त्यानं हजारो लग्नांत कोणाला पाहिलं नव्हतं. गर्दीत प्रसेनजितनं जमीन दुभंगते का ते बघितलं. ती दुभंगली नाही.

"जन्मभर शिडी धरली तुही," शालिग्रामचा आवाज चढला, "अन् तू माह्या पोराचा आहेर वापस नेतं? अशी कोन्ती सोन्याची वीट हाय त्यात?"

पुंजाजींना हार्ड डिस्क, कॉम्प्युटर, वीज, उंद्री, सुलतानपूर हे सगळं सांगायचं होतं. त्यातलं काहीच आलं नाही.

"सिंधूचा आवाज हाय त्यात," ते म्हणाले. "एवढाच राह्यला. दुसरा कोठी नाई."

शालिग्रामनं सिंधूताईंकडे पाहिलं. ऋत्विकच्या बारशाला पाळणा याच बाईनं म्हटला होता, आणि आज हळदीला तिच्याऐवजी लाउडस्पीकर लावावा लागला होता. तो ढिगात घुसला आणि लाल पाकीट काढून त्यानं पुंजाजींच्या हातात ठेवलं. वर ऋत्विक नवरीच्या कानात म्हणाला, "चार डिनर सेट आले, पन बॅटरी कोनीच नाई देल्ली," आणि नवरीच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं खरं हसू आलं.

डिस्क चालते की नाही हे घरी जाऊन बघायचं म्हटलं तर घरी कॉम्प्युटर कुठे होता? स्टेजच्या बाजूला व्हिडिओवाला लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याच्याभोवती सगळे जमले. लाल कागद फाटला, खोकं उघडलं, वायर लागली. पुंजाजींनी डोळे मिटून घेतले.

"दिसून राह्यलं बाबा," प्रसेनजित म्हणाला.

पुन्हा सुरू झालेल्या डीजेच्या दणक्यात ऐकू काही येईना, म्हणून व्हिडिओवाल्यानं आपला हेडफोन सिंधूताईंच्या डोक्यावर चढवला. पडद्यावर कोणाची तरी हळद होती. थोड्याच वेळात हळद खाली गेली आणि वेशीवरचा खांब आला.

"अबे, हा तं आपला वेशीचा खांब!" शालिग्राम ओरडला. "पाह्य, पाह्य त्यो जोड! ढिला हाय मनून मी तुले तवाच म्हनलं होतं!"

"ढिला नव्हता, वाऱ्यानं हालून राह्यला तो."

"वाऱ्यानं? डोये फुटले काय तुहे?"

सिंधूताईंनी बोट वर केलं तेव्हा दोघं गप्प झाले. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण पुंजाजींना ओठांवरून गाणं कळत होतं.

*मांडवाच्या दारी कोन उभी माय,*
*लेकीच्या पायाले माती कोन्या गावची हाय...*

गाणं संपलं असावं, कारण ओठ थांबले. हेडफोन मात्र त्यांनी लगेच काढला नाही. काढला तेव्हा डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि नवऱ्याकडे बघितलं.

"इतकं उच्च लावत होती मी?"

"त्याहूनबी उच्च," पुंजाजी म्हणाले.

"मंग? एवढी मस्त तान घेऊन राह्यली मी, अन् मधात कोन बोललं? 'जोड ढिला हाय' मनून?"

शालिग्राम खो खो हसत सुटला. "सांगतलं होतं ना! कबुली हाय तुही, तुह्याच आवाजात!"

हिवराळ्यांच्या घरी आता अर्थिंग आहे. डिस्कच्या आणखी प्रती निघाल्या. एक घरी, एक पुण्यात मंजुश्रीच्या कपाटात. सिंधूताईंनी ढगालाही अखेर माफ केलं आणि मंजुश्रीनं पुण्याहून सारी गाणी तिकडेही चढवली. पण पुण्याच्या कपाटाला वाळवी लागू शकते आणि ढगाचं सांगता येत नाही, असं सिंधूताईंचं मत पडलं. या सगळ्या भानगडीत वर्षभर धक्का न लागता, धूळ न बसता, कोणाही पोट्ट्याचा हात न लागता जी एकच प्रत शाबूत राहिली ती कुठे होती, याचा त्यांनी नीट विचार केला. मग आणखी एक प्रत काढून घेतली, तिला पिवळा कागद चढवला आणि भगवानरावांच्या धाकट्या पोरीच्या लग्नात स्वतःच्या हातानं दिली.

या वेळी पुंजाजींना सांगूनच दिली. सध्या ते पाकीट कोणत्या तालुक्यात, कोणाच्या पेटीत आहे, कोणालाच माहीत नाही. त्याच्यावर 'उघडू नये' असं लिहावं, असं पुंजाजी म्हणत होते.

"काऊन?" सिंधूताई म्हणाल्या. "आहेर हाय तो. कोन उघडते?"